वर गेलेला निळा हात

माझ्या भावाचं नाव झुंबर. सिनेमात ते समशेर केलंय. पहिली चूक तिथंच.

सिनेमा काढणारा माणूस पळसदेवला आमच्या घरी आला होता तेव्हा म्हणाला, "ताई, झुंबर नावाचा बॉक्सर बघायला कोण येणार? लोकांना वाटेल मंगल कार्यालयाची जाहिरात आहे." आमच्या आज्याचं नाव होतं ते. मी त्याला चार शब्द सुनावणार, तेवढ्यात माझी आई ठमाबाई म्हणाली, "नाव ठिवा काय बी. कावळा तेवढा नीट दावा." त्याला काही कळलं नाही, पण त्यानं जोरजोरात मान हलवली. न कळलेल्या गोष्टीला ही माणसं जास्तच मान हलवतात.

सिनेमाचं नाव मी सांगणार नाही. माझ्याकडून फुकटची जाहिरात होणार नाही.

आमच्या इकडं पोरगं अंगानं भरलं की तालमीत घालतात. झुंबर तालमीतून पळून बारामतीला एका रिटायर फौजीकडं बॉक्सिंग शिकायला गेला. वडील आधीच गेलेले, आई म्हणाली, जाऊ दे, मातीत लोळण्यापेक्षा बरं, कपडे तरी कमी धुवायला लागतील. मी त्याच्यापेक्षा मोठी. त्याच्या हाताला पट्ट्या बांधायला, पाण्याची बाटली धरायला रिंगच्या कोपऱ्याखाली मीच असायची. त्या दिवशी इंदापूरलाही होते.

इंदापूरच्या बाजाराच्या मैदानावर स्पर्धा होती. फायनलला झुंबरचे ग्लोव्हज लाल, आणि निरवांगीच्या लखनचे निळे. तिसऱ्या राउंडला लखनचा एक उजवा झुंबरच्या कानशिलावर बसला आणि तो गुडघ्यावर आला. मी ओरडले, "झुंब्या, खाली बस!" बसला नाही. उठला, खेळला, घंटा झाली, पंचानं लाल हात वर केला. पळसदेवच्या लोकांनी गुलाल उधळला. मिरवणूक निघाली आणि त्याला उलटी झाली. गावाच्या सगळ्या गाड्या मिरवणुकीत अडकल्या होत्या, म्हणून ज्यानं मारलं त्याच्याच पिकअपमधून आम्ही त्याला दवाखान्यात नेलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी, मागं लखनच्या मांडीवर झुंबरचं डोकं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. डोक्यात रक्त साठलं होतं म्हणाले.

दहाव्याला कावळा शिवला नाही.

पळसदेवच्या काठावर, उजनीचं पाणी अगदी पायाशी होतं, तिथं पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, ओरडतही होते, खाली एक उतरेना. मग सुरू झाली वचनं. मामा म्हणाला, तुझ्या आईला सांभाळीन. मी म्हणाले, तिला कधी एकटी टाकणार नाही. आमच्याच गावचे संभाजीतात्या, ज्यांनी ती स्पर्धा भरवली होती, हात जोडून म्हणाले, "झुंबर, तुझ्या नावाची कमान बांधतो." कावळा एक फांदी वर जाऊन बसला. ऊन डोक्यावर आलं, माणसं एक एक करून सावलीला गेली. शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. झालं, चला आंघोळीला.

कमान बांधली. अजून आहे, वेशीत. 'विजेता कै. झुंबर' असं लिहिलंय. पण त्या सालापासून दर पितृपक्षात आमच्या पत्र्यावर ठेवलेला घास मुंग्या खातात. शेजारच्या बानूबाईच्या पत्र्यावरचा घास कावळे भांडून खातात आणि आमच्याकडं बघतसुद्धा नाहीत. आई रोज सकाळी अंगणात उभी राहून "काव काव" करते. आता तिला दम लागतो. डॉक्टरनं हृदय मोठं झालंय म्हणून सांगितलंय. ती म्हणते, "मोठं असू दे नायतर बारकं. माझ्या आदी माझ्या लेकाचा कावळा शिवू दे. न्हायतर वर गेल्यावर त्यो मला दिसायचाच न्हाय, हितंच कुठंतरी फिरत ऱ्हायल."

हे सगळं आधी सांगितलं, कारण हे माहीत नसेल तर सिनेमातल्या चुका म्हणजे नुसती गंमत वाटेल. माझ्या नवऱ्याला वाटली तशी.

सिनेमा बारामतीत लागला तेव्हा मी आणि विशाल, म्हणजे माझा नवरा, दुपारच्या खेळाला गेलो. मी पहिल्या मिनिटापासून पेटलेली. हिरो आधी उजव्या हाताला पट्टी बांधतो. झुंबर कायम डावा हात पुढं करायचा. हिरोच्या भुवईवरची जखम एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, मग गायब, आणि गाण्यात परत हजर. तो बांधावरून पळतो तेव्हा उसाला तुरा आलेला. वळणावर जातो तर तोच ऊस गुडघ्याएवढा. फायनलला बारा राउंड. अरे, आमच्याकडं तीन असतात! आणि निरवांगीचा माणूस हिंदीत धमक्या देतो, का, तर तो व्हिलन.

"निरवांगीत कोण हिंदी बोलतं वो?" मी विशालला म्हणाले.

"हळू बोल. पुढचे मागं बघायला लागले."

"बघू द्या की. त्यास्नी तरी खरं कळंल."

फायनलमध्ये हिरो गुडघ्यावर येतो. सगळा आवाज बंद करून नुसती धडधड ठेवलीय. आणि त्या धडधडीत, लांबून, एका बाईचा आवाज आला. "झुंब्या, खाली बस!"

माझ्या हातातला पॉपकॉर्नचा कागद चुरगळला. त्या सिनेमात झुंबर नावाचं कुणी नाही. आणि तो आवाज माझा होता. आताचा नाही. तेव्हाचा, दोन बाळंतपणं आणि थायरॉईडच्या आधीचा, बारीक. त्या दिवशी मैदानावर कुणी शूटिंग करत नव्हतं. फोनवर कुणी घेतलं असतं तर गावानं आतापर्यंत हजारदा दाखवलं असतं.

"ऐकलं का?"

"काय?"

"माझा आवाज."

"तुझा आवाज मी सकाळपासून ऐकतोय," विशाल म्हणाला.

मग निकाल. पंच मध्ये उभा, दोघांची मनगटं धरलेली. त्यानं हात वर केला. निळा. पापणी लवावी तेवढाच वेळ. लगेच दुसरा शॉट, त्यात लाल हात वर, गुलाल, ढोल, टाळ्या. विशालला ते मात्र दिसलं. तो हसला. "एडिटिंगची चूक. एवढे पैसे घालून बी हातसुद्धा नीट जोडता येत न्हाय."

शेवटी दहावा. तो बघताना तर मी उठून उभीच राहिले. झुंबरच्या दहाव्याला पाणी काठोकाठ होतं, जुनं देऊळ बुडलेलं. यांनी शूटिंग केलंय गेल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात. धरण आटलेलं, देऊळ पायथ्यापर्यंत उघडं. पिंडासमोर हिरोची आई रडते आणि तिच्या मागं, लांब, देवळाच्या पायरीवर तीन माणसं दिसतात. एक म्हातारी, एक पिवळ्या साडीतली बाई, आणि एकजण हात वर करून उभा, जसा कॅमेऱ्याला टाटा करतोय. पुढच्या शॉटमध्ये पायरी रिकामी. शूटिंग बघायला आलेली गावातली कुणीतरी असतील, हाकलून दिली असतील. एवढंच मनात आलं. कारण तेवढ्यात कावळा आला. आला आणि टपकन पिंडाला चोच मारली. कुणाला काही विचारलं नाही, कुणी काही कबूल केलं नाही. थिएटरात दोन बायका डोळे पुसत होत्या.

खरं सांगते, बाकीच्या चुका मी माफ केल्या असत्या.

आईला मी सांगणार नव्हते. विशालनं फोनवर सांगितलं. तिनं लगेच पिशवी भरली.

"मला न्ये. कावळा शिवताना बघायचाय मला."

"आये, त्यो खोटा हाय. कंप्युटरचा."

"तू गप. आठ वर्सं मी खऱ्याची वाट बघती, कोण आलं? खोटा तर खोटा."

तिला घेऊन परत गेले. आयुष्यात पहिल्यांदा ती थिएटरात बसली होती. चपला काढून, पाय खुर्चीवर घेऊन. समशेर आला की म्हणायची, "ह्यो कोण?" मी म्हणायची, झुंबर. "ह्यो? ह्येचे तर केसच सरळ हायेत." बाराव्या राउंडला तिनं पदर तोंडात धरला. मी पडद्याकडं बघत नव्हते, आईकडं बघत होते. म्हणून आवाज आला तेव्हा तिचा चेहरा मला दिसला. तिनं झटकन माझ्याकडं मान वळवली. माझं तोंड बंद होतं. तिनं परत पडद्याकडं बघितलं, आणि मग माझा हात धरला.

निळा हात वर गेला. या वेळी पापणी लवली, परत लवली, तरी हात वरच. पंचाचं तोंड दिसत नव्हतं, नुसती त्याची पांढरी बाही. हात घामानं चमकत होता. माझ्या मागं कुणीतरी मोठा श्वास घेतला. मग लाल हात, गुलाल.

दहाव्याला आई पुढं वाकली. डोळे बारीक करून एवढं बघितलं तिनं, जशी तांदळातले खडे बघते.

"ती मागं पायरीवर कोण हायेत गं?"

"शूटिंग बघाया आलेली."

"त्यातली म्हातारी माझ्यावानी उभी हाय. कमरंवर हात ठिवून."

कावळा आला. चोच मारली. आई मागं टेकली.

"न्हाय शिवला," ती म्हणाली. "ह्येला सावली न्हाय. बिनसावलीचा कावळा कशाला शिवतुया? चल."

दिवे लागले तेव्हा मागच्या ओळीत मला तो दिसला. लखन. टोपी डोळ्यावर ओढलेली, अंगानं सुटलेला, पण खांदे तेच. आठ वर्षांत मी त्याचं तोंड बघितलं नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. मी आईला दाराकडं ओढायला लागले. आईनं माझा हात सोडवून घेतला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"निरवांगीचा न्हवं तू?"

"व्हय, मावशी." त्यानं टोपी काढली.

"तुला सिनेमात लई वंगाळ दावलाय."

"दावू द्या. तसं बी मला कोण चांगला म्हणतं?"

"मग कशापाय आलास?" मी मध्ये पडले. "टाळ्या वाजवाया? एक जीव घेऊन पोट न्हाय भरलं?"

"ताई, मी रोज येतो," लखन म्हणाला. "डाळिंबाची फवारणी उरकली की गाडी काढतो आन हितं येतो. त्या हातासाठी. पयल्या दिवशी मला वाटलं भास हाय. मग रोज वाढाया लागला." त्यानं स्वतःच्या उजव्या हाताकडं बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "मावशी, त्या दिवशी पिकअपमधी झुंबर शुद्धीवर हुता. इंदापूर सोडलं तवर बोलत हुता. मला म्हणला, लखन, हरलो मी. मला कळतंय की. तू जिंकलास. उद्या सगळ्यास्नी सांगतो, तात्याला बी सांगतो, मला खोटी ढाल नगं."

"आन मग?" आईनं विचारलं.

"मग उद्या कुठं आला त्येचा?"

बाहेरून पुढच्या खेळाची माणसं आत घुसायला लागली होती. एकजण म्हणाला, "ओ मावशी, वाटंत नका थांबू." आई हलली नाही.

"तू का न्हाय बोललास मग? आठ वर्सं?"

"हरलेल्या माणसानं सांगायचं, मी जिंकलोय? आन कुणाविषयी, तर मेलेल्याविषयी? माझ्या गावानं बी जोड्यानं मारला असता, मावशी. मारणारा म्हणून आदीच नाव झालंय माझं."

मला त्याला खोटं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण 'मला कळतंय की' हे झुंबरचं बोलणं होतं. लहानपणापासून. दुधात पाणी घातलं तरी, मी रडून आले तरी, वडील गेल्याचं सांगायला मामा आला तेव्हासुद्धा. मला कळतंय की. लखनला ते कुठून ठाऊक असणार?

परत येताना भिगवण रोडला लागल्यावर आई म्हणाली, "सोने, त्या संभाजीला इचार."

संभाजीतात्याचं इंदापूरला हायवेलगत खताचं दुकान आहे. मी गेले तेव्हा ते गादीवर बशीतून चहा पीत होते. त्यांच्या डोक्यावर झुंबरचा फोटो, ढाल हातात देतानाचा. फोटोत झुंबर ढालीकडं बघत नाही, खाली बघतोय. इतकी वर्षं मला वाटत होतं, त्याला चक्कर येत असेल.

"ये पोरी. आई कशी हाय?"

"तात्या, झुंबर हरला हुता का?"

बशी खाली गेली. "कोण म्हणतं? लखन्या?"

"सिनेमा म्हणतोय."

मला वाटलं, हसतील. त्यांनी पोऱ्याला बाहेर पाठवलं आणि माझ्याजवळ सरकून हळू आवाजात म्हणाले, "तुला बी दिसला?"

मी मान हलवली.

"पयल्या खेळाला डोळा लवंस्तवर," तात्या म्हणाले. "परवा मी दम धरून बघितलं. माझा दम संपला, पर त्यो हात काय खाली येईना. त्या सिनेमावाल्याला फोन केला. म्हणलं, ही चूक काढून टाक, गावाची बदनामी हाय. त्यो म्हणला, तात्या, असा शॉट आमी घेतलाच न्हाय. निळा हात वर केलाच न्हाय आमी, एकदा बी."

"मग कुणी केला?"

तात्यांनी वर फोटोकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"गुण कुणाला जास्त हुते?"

"आता ते उकरून काय—"

"कुणाला, तात्या?"

"निळ्याला." मग एकदम चिडले, घाबरलेला माणूस चिडतो तसे. "मग काय करायचं हुतं मी? समोर सारं गाव बसल्यालं! ढोल आणल्यालं, गुलालाची पोती फोडल्याली! पंचाच्या कानात बोललो, म्हणलं, माझ्या गावाची इज्जत राख. कुठल्या तोंडानं सांगू, की गाव हरलं?"

"गाव कुठं खेळत हुतं, तात्या? मार तर झुंबर खात हुता."

"हे बघ, भांडू नगं. कमान काढाया लावू नगं एवढंच म्हणतो."

"कमान तुमची तुमी चाटत बसा," मी म्हणाले. "मला माझा भाऊ सोडवायचाय."

आठवडाभरात आईनं भात शिजवला. भटजीला विचारलं तर तो म्हणाला, दहावा एकदाच असतो, दर्भाच्या कावळ्यानं तो झाला, आता पुन्हा करता येत नाही. आई म्हणाली, "त्येच्या दर्भाला इचारून मी माझ्या लेकाला जेवाया घालू व्हय?" लखनला फोन मी केला. मीच. आईनं सांगितलं म्हणून नाही.

तो फवारणी टाकून तसाच आला. धरण आटलं होतं. काठापासून देवळापर्यंत भेगाळलेला गाळ, मधे मधे शिंपले, माशांची हाडं, एक बुडालेली आणि आता उघडी पडलेली होडी. आईला तेवढं चालवेना. लखन तिच्यापुढं खाली बसला, पाठ केली. "या मावशी." ती बसली त्याच्या पाठीवर. ज्यानं तिचा मुलगा मारला त्याच्या गळ्यात हात टाकून ती उजनीच्या तळातून निघाली आणि म्हणाली, "हळू चाल रं, बॉक्सर हायस का टेंपो?" तो हसला. मी मागं भाताचा डबा घेऊन. कुणी काही बोललं की तो आवाज कोरड्या गाळावरून लांब जायचा आणि थोड्या वेळानं, कमी होऊन, परत यायचा. आम्ही तिघं होतो, पण परत येणारे आवाज मला चार वाटत होते.

देवळाच्या पायरीवर पत्रावळ मांडली. दहीभाताचा गोळा. शिखरावर कावळे होते. ओळीनं, गप्प. एकही ओरडत नव्हता.

मी हात जोडले. "झुंब्या, तू हरलास. आमाला कळलंय." कावळ्यांनी माना वळवल्या. आले नाहीत.

लखन म्हणाला, "झुंबर, मी सांगितलं रं. तू म्हणला हुतास ते सांगितलं." काही नाही.

"तात्यानं बी कबूल केलं," मी म्हणाले. "बाळा, आता ये की." भात उन्हात सुकायला लागला. कडेला मुंग्यांची ओळ लागली, आणि ती बघून माझा तोलच गेला. मी शिव्या दिल्या. कावळ्यांना, तात्याला, सिनेमावाल्याला, शेवटी झुंबरलासुद्धा. "अजून काय पायजे तुला? म्हातारीला मारतोस का आता?"

आई उठली. कमरेवर हात ठेवून जरा उभी राहिली, दम घेतला. मग लखनजवळ गेली.

"नुसतं म्हणून काय व्हतंय," ती म्हणाली. "तिथं म्हणत्यात का काय? तिथं हात वर करत्यात."

तिनं त्याचं मनगट धरलं. लखनच्या अंगात फवारणीचा शर्ट होता, पूर्ण बाह्यांचा, निळा. मनगट वर जायला लागलं तसा तिचा हात घसरून त्याच्या कोपराशी आला, तरी तिनं जोर लावला. लखननं मान खाली घातली होती आणि तो लहान पोरासारखा रडत होता. निळा हात वर गेला.

तेव्हा माझं लक्ष माझ्या अंगावरच्या साडीकडं गेलं. पिवळी. या अक्षय्यतृतीयेला नणंदेनं घेतलेली, आजच घडी मोडलेली. मी मान उचलून काठाकडं बघितलं, जिथं गेल्या मे महिन्यात त्यांचा कॅमेरा असणार. तिथं कुणी नव्हतं. नुसतं ऊन हलत होतं. पण कुणीतरी आमच्याकडं रोखून बघतंय असं मला वाटत राहिलं, आणि मी नजर काढली नाही. बघ म्हणलं, कोण असशील तो. नीट बघ.

मागं पंख फडफडले.

"आला का गं?" आईनं विचारलं. तिची पाठ होती पत्रावळीकडं आणि ती वळायला तयार नव्हती.

"आला."

"सावली हाय का?"

मी बघितलं. कावळा गोळ्यावर पाय रोवून उभा होता. शेजारी पायरीवर त्याची काळी सावली, तीही चोच मारत होती. आधी तिनं डाव्या बाजूनं सुरुवात केली.

"हाय, आये."

आईनं डोळे मिटले. बराच वेळ गेला. लखनचा हात अवघडला.

"मावशी," तो म्हणाला, "हात खाली घेऊ का?"

"थांब जरा," आई म्हणाली. "त्येचं खाऊन हुंदी."